सुस्थळी देणे

मी माझ्या बायकोला विकायला काढलं आहे, अशी बातमी दोन हजार दोन सालच्या मार्चमधल्या शेवटच्या रविवारी सकाळी नऊच्या आत शनिवार पेठेत पसरली. ती साफ खोटी होती. मी गिटार विकायला काढली होती.

माझं नाव गोपाळकृष्ण आगाशे. मी पेट्या दुरुस्त करतो. पेटी म्हणजे हार्मोनियम. हे हल्ली सांगावं लागतं, कारण पाटीवर ‘पेटी दुरुस्ती’ वाचून लोक कॉम्प्युटर उचलून आणतात आणि मी नाही म्हटलं की माझ्याकडे दयेने पाहतात. वडिलांपासूनचा धंदा आहे. गिटार हा माझा प्रांत नव्हे, आणि जुन्या बाजारात कचरू भंगारवाल्याने ती फुटक्या बादलीशेजारी ठेवली नसती, तर मी तिच्या वाटेला गेलोही नसतो.

“काका, घेऊन टाका,” कचरू म्हणाला. “वाजत न्हाय, पर लाकूड झ्याक हाय. बंबात चांगलं जळंल.”

कोणतंही वाद्य बंबात घालण्याची भाषा मी ऐकून घेत नाही. मी त्याला दहा मिनिटं झाडलं आणि गिटार घेऊन घरी आलो. घरी मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला वीस मिनिटं झाडलं.

दोन वर्षं मी त्या गिटारीवर खपलो. पोट खपाटीला गेलं होतं, पाठीला उभी भेग होती आणि आत वाळवी होती. मी वरचा पत्रा उतरवला. पत्रा म्हणजे पातळ लाकूडच, पण आमच्यात त्याला असंच म्हणतात. वाळवी काढली, सडलेल्या पट्ट्या बदलल्या, सरस लावून सांधे बसवले, नव्या तारा चढवल्या आणि लाखेचं पॉलिश हाताने इतकं घासलं की माझ्या अंगठ्याचा ठसा आजही नीट उमटत नाही. आत एक कागद चिकटवलेला होता. त्यावर ‘कलकत्ता, १९३८’ एवढंच शिल्लक होतं, बाकीचं वाळवीच्या पोटात. मानेच्या वरच्या टोकाला, जिथे तारा टेकतात तिथे, एक लोखंडी पट्टी होती. तिच्यामुळे तारा मानेवरच्या आडव्या पडद्यांपासून बोटभर उंच राहत. ती कशासाठी आहे हे मला कळलं नाही. पण जे मूळचं आहे ते मूळचंच ठेवायचं हा माझा नियम. मी ती पट्टी घासली, चकाकवली आणि होती तिथे बसवली.

मग आमचे जावई केदारराव मध्ये पडले. केदार आणि आमची सुरुची दोघंही हिंजवडीला कॉम्प्युटरवर काहीतरी करतात. ते काय, हे दोघांनी मला तीनतीनदा सांगितलं आहे आणि मला तीनही वेळा कळलेलं नाही. त्यांनी नवीन फ्लॅट घेतला होता. पाडव्याला वास्तुशांत होती. केदारने गिटार पाहिली आणि त्याचे डोळे चमकले.

“बाबा, हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक वॉल आहे, एकदम एम्प्टी. तिथे ही अँटिक गिटार, वर स्पॉटलाइट, आणि बाजूला आजीचं तांब्याचं घंगाळ. काय क्लास दिसेल!”

“आणि वाजवणार कोण?”

“वाजवायची कशाला? शोपीस आहे ती.”

दोन वर्षं अंगठा झिजवून मी शोपीस केलं होतं म्हणे. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण जावयावर आग काढता येत नाही, म्हणून ती मी मंदावर काढली आणि मंदाने शांतपणे तोडगा काढला. पाडव्यापर्यंत खरोखर वाजवणारा माणूस मिळाला, तर गिटार त्याला विकायची. नाही मिळाला, तर केदारच्या भिंतीवर. मी कबूल झालो. पुण्यात लाखो माणसं राहतात, त्यातला एक गिटारवाला मिळणार नाही होय!

मी जाहिरात दिली. ‘जुनी गिटार, पूर्ण दुरुस्त, विकणे आहे.’ चार जण आले, चारही हिंजवडीचे, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र रविवारीसुद्धा. पहिल्याने गिटार मांडीवर उभी धरली, तारा दाबायचा प्रयत्न केला, बोट झटकलं आणि म्हणाला, “अंकल, ॲक्शन खूप हाय आहे.”

मी म्हटलं, “हाय म्हणजेच आहे. एकदा हाय म्हणा नाहीतर आहे म्हणा. दोन्ही कशाला?”

त्याने समजावून सांगितलं की हाय म्हणजे उंच. तारा इतक्या उंच असल्या तर बोटाने दाबता येत नाहीत. दुसराही तेच म्हणाला. तिसरा म्हणाला, “चुकीची रिपेअर झालीये, पण वॉलवर मस्त दिसेल.” चौथ्याने वाजवण्याचा विषयच काढला नाही, खिशातून टेप काढून सरळ लांबी मोजली.

त्या रात्री जेवण गेलं नाही. भिंतीचं मी केदारशी भांडून बघून घेतलं असतं. पण तिसऱ्याचे शब्द डोक्यात बसले. चुकीची रिपेअर. मी दोन वर्षं खपून एक मुकी वस्तू बनवली की काय? ती पट्टी काढायला हवी होती की काय? चाळीस वर्षांत माझ्या हातून एकही पेटी बेसूर गेली नव्हती, आणि आता म्हातारपणी हे. जी वाजतच नाही तिची जागा भिंतीवर, असं केदार म्हणाला, तर मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होतो?

पाडवा दोन आठवड्यांवर आला तेव्हा मी दुसरी जाहिरात लिहिली. या वेळी तिच्यात माझा राग होता. वाद्याबद्दल मी माणसासारखंच बोलतो, ती माझी सवय आहे. शिवाय मला टेपवाले नको होते. कोपऱ्यावर छोट्या जाहिराती घेणारे बापूराव बसतात, त्यांच्या खिडकीतून मी कागद आत सरकवला.

“सोळा शब्द आहेत,” बापूराव म्हणाले. त्यांच्या कानाला फोन होता आणि तोंडात तंबाखू. “पंधरापर्यंत एक दर. सोळाव्याला पुढचा दर लागतो.”

एका शब्दासाठी पुढचा दर! मी कागद परत घेतला आणि कोणता शब्द निरुपयोगी आहे ते पाहिलं. ‘गिटार’ हा शब्द निरुपयोगी होता. जाहिरात वाद्यांच्या सदरात येणार, तर ते वाद्य आहे हे उघडच होतं आणि कुठलं वाद्य ते येणाऱ्याला दिसणारच होतं. मी गिटारीवर काट मारली आणि कागद परत सरकवला.

“वाद्यांत टाका,” मी म्हटलं.

“हं,” बापूराव फोनमध्ये म्हणाले की मला, हे मी विचारलं नाही. इथे माझी चूक झाली, हे मी आज मोकळेपणाने मान्य करतो. त्या दिवशी केलं नव्हतं.

रविवारी सकाळी सात वाजता मी पेपर उघडला. वाद्यांच्या सदरात एक तबला आणि दोन कॅसिओ होते. माझी जाहिरात नव्हती. मी बापूरावांच्या नावाने शंख करायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला.

“जाहिरात पाहिली,” एक खर्जातला आवाज म्हणाला. “जात कोणती?”

म्हणजे जाहिरात कुठेतरी आली होती तर. आणि गिऱ्हाईक जाणकार होतं. पहिला प्रश्न लाकडाचा! मी खूश झालो.

“पाठ शिसवी आहे,” मी म्हटलं, “तोंड देवदाराचं.”

पलीकडे फोन खाली आपटला. मला वाटलं लाइन तुटली. पुन्हा फोन वाजला. या वेळी एक बाई होत्या, वडिलांसाठी विचारत होत्या.

“शस्त्रक्रिया कसली झाली?”

शब्द जरा जड वाटला, पण पुण्यात लोक असं बोलतात. “पोट उघडावं लागलं,” मी म्हटलं. “आत सगळी वाळवी. साफ केली. आता ठणठणीत आहे.”

“अगंबाई! आणि स्वभावाने?”

“थोडे कान पिळले की सुरात येते.”

त्याही गेल्या. तिसऱ्याने विचारलं, “सोबत काही जबाबदारी?” मी सांगितलं, “सोबत एक पेटी येईल, कुलूप बिघडलेलं आहे.” चौथ्याने आणि पाचव्याने पुन्हा जातच विचारली, तेव्हा लाकडाबद्दल पुणेकरांना एवढा जिव्हाळा कधीपासून, असा मला प्रश्न पडला.

साडेआठला वरच्या मजल्यावरच्या गोदाबाई डोळ्याला पदर लावून आल्या आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन मंदाच्या गळ्यात पडल्या. “मंदाताई, माझ्याकडे राहा हवं तर,” त्या म्हणत होत्या. “पण या वयात हे काय सुचलं भावजींना?” त्यांच्या हातात पेपर होता. मंदाने तो घेतला, वाचला आणि बाहेर माझ्यासमोर धरला.

सदर होतं ‘पुनर्विवाह – ज्येष्ठ’. त्याखाली:

‘जन्म १९३८, मूळ कलकत्ता, बांधा सुरेख, आवाज गोड, नुकतीच शस्त्रक्रिया, टांगणाऱ्यांनी येऊ नये, सुस्थळी देणे.’ आणि पुढे आमचा पत्ता आणि फोन.

आता यातली गंमत अशी की मंदाचे वडील रेल्वेत होते आणि तिचं बालपण खरगपुरात गेलं. आमच्या गल्लीत त्याला कलकत्ताच म्हणतात. आणि मागच्या दिवाळीत तिची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती. गल्लीने दोन आणि दोन चार केले होते, यात गल्लीचा काही दोष नव्हता.

मंदाने शांतपणे चष्मा काढला. “माझा जन्म एक्केचाळीसचा आहे,” ती म्हणाली. एवढंच. बाकी कशाचाही तिला राग आलेला नव्हता.

मी तसाच बापूरावांकडे गेलो. “काका, मला ‘वधू’ ऐकू आलं,” ते म्हणाले. “आणि सुस्थळी हा शब्द वाद्याला कोण लावतं? चाळीस वर्षं जाहिराती घेतोय. ‘दुरुस्ती’ बाईमाणसाबद्दल बरं दिसत नाही, म्हणून मी आपलं ‘शस्त्रक्रिया’ केलं. त्याचे पैसेसुद्धा लावले नाहीत.”

या माणसावर ओरडूनही उपयोग नव्हता. घरी आलो तर मंदाने रिसिव्हर काढून ठेवला होता. त्याआधी सुरुचीचा फोन येऊन गेला होता. ती रडत होती आणि संध्याकाळी केदारला घेऊन येणार होती.

पाच वाजता दाराची कडी वाजली. दारात साठीच्या पुढचे एक गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, भांग पाणी लावून पाडलेला, हातात मिठाईचा पुडा. त्यांनी नमस्कार केला.

“मी सुखदेव गायकवाड. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. सकाळपासून तुमचा फोन एंगेज येतोय. इतका वेळ एंगेज म्हणजे रिसिव्हर काढून ठेवलेला असतो, हे मला खात्यामुळे कळतं. म्हटलं, माणसं त्रासली असतील, समक्षच जावं. येऊ का आत?”

खरं तर त्यांना दारातच सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण इतक्या नीट इस्त्री केलेल्या माणसाला दारातून परत पाठवायला मी धजलो नाही. मंदाही धजली नाही. ती पोहे करायला आत गेली आणि जाताजाता तिने आमच्या पेठेतला नेहमीचा प्रश्न टाकला.

“गायकवाड म्हणजे... मूळचे कुठले?”

“खडकवासल्याच्या बाजूचे,” ते म्हणाले. अर्धा प्रश्न त्यांनी ऐकला होता आणि अर्धा सोडून दिला होता. उरलेला अर्धा मीसुद्धा मनातल्या मनात विचारला होता. खोटं कशाला बोलू?

पोहे येईपर्यंत ते अवघडून, पण बोलत राहिले. पत्नी हिरा, तिला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी निकिता हिंजवडीला, सकाळी सातची कंपनीची बस पकडते आणि रात्री नऊला येते. तिनेच जाहिराती वाचायला लावल्या.

“मला सेवा करून घ्यायला कोणी नको आहे,” ते म्हणाले. “स्वयंपाक मी करतो, चांगला करतो. पण सकाळी सात ते रात्री नऊ घरात आवाज नसतो हो. मी रेडिओशी बोलायला लागलो होतो. मागच्या महिन्यात तोही बिघडला.” त्यांनी खिशातून जाहिरातीचं कात्रण काढलं. ‘आवाज गोड’ या दोन शब्दांखाली पेनाने रेघ मारली होती.

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की सांगता येत नाही. आणि ओशाळलो की मला काहीतरी वेडंवाकडं करावंसं वाटतं. तोंडाने सांगायचा धीर होईना, म्हणून मी उठलो.

“पाहायचं आहे ना?” मी विचारलं.

त्यांनी कॉलर नीट केली आणि पाठ सरळ केली. मी आतून गिटारीची पेटी आणली, दिवाणावर ठेवली आणि झाकण उघडलं.

“जन्म एकोणीसशे अडतीस,” मी म्हटलं. “मूळ कलकत्ता. शस्त्रक्रिया मीच केली.”

सुखदेवरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पोह्यांची बशी घेऊन आलेली मंदा दारातच थांबली. ते एकदा गिटारीकडे पाहत होते, एकदा कात्रणाकडे. आता हे उठून जाणार आणि ते बरोबरच असेल, असं मला वाटलं. मी माफी मागायला तोंड उघडलं. पण ते पुढे वाकले होते आणि त्यांनी त्या लोखंडी पट्टीवर बोट ठेवलं होतं.

“ही पट्टी कोणी बसवली?”

“मूळची आहे,” मी चाचरत म्हटलं. “मी फक्त घासली. चुकली का?”

“चुकली? अहो, ही हवाईयन आहे! ही पट्टी काढली असती तर संपलं असतं सगळं.” त्यांचा आवाजच बदलला. “बिनहाताची खुर्ची आहे का?”

मी खुर्ची दिली. त्यांनी गिटार उभी धरली नाही. मांडीवर आडवी ठेवली, तोंड वर करून, पोळपाट मांडीवर घ्यावा तशी. तारा बोटाने दाबायच्याच नसतात म्हणे. वरून एक गुळगुळीत लोखंड फिरवायचं, त्यासाठीच तारा उंच. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “काहीतरी गोल, जड हवं होतं. एवढंसं.”

मंदा आत गेली आणि वेलदोडे कुटायचा पितळी खलबत्ता आहे ना आमचा, त्यातला बत्ता घेऊन आली. त्यांनी तो धोतराने, म्हणजे माझ्या धोतराने, पुसला. माझी परवानगी घेतली नाही, इतके ते घाईत होते.

आणि मग ती बोलली. खालच्या सुरावरून वर चढत गेली, कुठेही न तुटता, आणि वर जाऊन थोडी थरथरली. पेटीला हे कधी जमत नाही. पेटीत एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते. चाळीस वर्षं मी उड्या ऐकत आलो होतो. ही चालत गेली. माझी दुरुस्ती चुकली नव्हती. दोन वर्षं चुकली नव्हती. मला रडू आलं आणि मी ते सरसाच्या वासावर ढकललं, जरी त्या दिवशी सरस शिजवलेला नव्हता.

“अठ्ठावन्न साली शिकलो,” बत्ता फिरवत ते म्हणाले. “आमच्या वस्तीत गायन पार्टी होती. बाकी सगळे बुलबुलतरंग वाजवायचे, मी एकटा गिटारवाला. जयंतीला आम्हाला फुरसत नसायची.”

“कोणती जयंती?” मंदाने विचारलं.

“चौदा एप्रिल,” ते म्हणाले. “आम्ही बौद्ध.”

“अच्छा,” मंदा म्हणाली. पुण्यात हा ‘अच्छा’ म्हणजे माहिती मिळाल्याची पोच असते. उरलेल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं होतं. ती स्वतःच त्या अच्छाने खजील झाली असावी, कारण तिने त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले, अगदी शिगोशीग.

“मग वाजवणं सुटलं कसं?” मी विचारलं.

“एकसष्टच्या पुरात गिटार गेली. पुन्हा घेतली नाही. नोकरी, संसार, राहूनच गेलं.”

त्या पुरात आमच्याही अकरा पेट्या गेल्या होत्या. मग काय, कुठल्या गल्लीत किती पाणी होतं यावर आम्ही दोघं पंधरा मिनिटं बोललो. आणि ही त्यांचीच वाहून गेलेली गिटार होती, अशी ज्यांना शंका आली असेल त्यांनी ती मनातून काढून टाकावी. त्यांची मुंबईची होती. असे योगायोग माझ्या घरी होत नाहीत, माझ्या घरी घोटाळे होतात.

तेवढ्यात सुरुची आणि केदार आले. सुरुची आईला मिठी मारायला धावली, केदार खुर्चीतल्या पाहुण्यांकडे बघत राहिला. सुखदेवराव डोळे मिटून वाजवत होते. वाजवणं संपलं तेव्हा केदारच पहिल्यांदा बोलला.

“बाबा, हे... ही वाजते?”

“हाय,” मी म्हटलं.

“पण मी वॉलला ड्रिल मारून ठेवलंय.”

“खुंटी ठोका आणि छत्री टांगा. वर दिवा आहेच, सापडेल लवकर.”

केदार चांगला मुलगा आहे. हसला आणि म्हणाला, “काका, अजून एकदा वाजवता?” हे त्याच्या नावावर मांडून ठेवलं पाहिजे.

किमतीचं बोलणं दोन वाक्यांत झालं. मी सांगितली त्यात त्यांनी घासाघीस केली नाही, आणि घासाघीस न करणाऱ्या माणसाला जास्त सांगितल्याची लाज वाटून मीच ती खाली आणली. सरकारी माणूस, त्यांना पावती हवी होती. मी पावतीपुस्तक काढलं आणि लिहिलं: ‘गिटार, हवाईयन, १९३८, जात शिसवी व देवदार’. सकाळपासून तोच शब्द तोंडात होता, हातूनही तोच उतरला. मी पावती त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी ती वाचली आणि बोट त्या शब्दावर ठेवलं.

“एवढं खोडता का?” ते मंद हसत म्हणाले. “नाही, राग नाही. पण गेल्या वर्षभरात मी साठ-सत्तर जाहिराती वाचल्या असतील. प्रत्येकीत पहिला शब्द तोच. वय नंतर, नाव नंतर. तुमची एकच अशी होती, जिच्यात वय, आजारपण, सगळं खरं खरं लिहिलं होतं आणि तेवढं नव्हतं. म्हणून आलो.”

मी पेन उघडलं आणि तो शब्द खोडला. एका रेघेने भागेना, तीन मारल्या. तिथे थांबलो असतो तर चांगला माणूस म्हणून सुटलो असतो. पण खोटं श्रेय घेतलं की मला पित्त होतं.

“गायकवाड,” मी म्हटलं, “ते मी सोडलं नव्हतं हो. गिटारीला जात नसते म्हणून नव्हतं. खरी मुलगी असती, तर माझ्याही जाहिरातीत पहिला शब्द तोच असता. आणि मंदाने मघाशी कुठले म्हणून विचारलं, तेही गाव कळायला नव्हे.”

सुरुची जमिनीकडे पाहू लागली. मंदाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“ते मला पेटी उघडली तेव्हाच कळलं,” सुखदेवराव म्हणाले. पावतीची नीट घडी घालून त्यांनी ती कात्रणाबरोबर खिशात ठेवली. “पण आज सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत मला वाटत होतं की शनिवार पेठेत असं एक घर आहे. शर्टाला इस्त्री करतानासुद्धा वाटत होतं. दिवस चांगला गेला माझा.”

मी पेनाला टोपण लावलं. बोलली ती मंदा.

“पाडव्याला लेकीकडे वास्तुशांत आहे, ते आटपू दे,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी चौदा तारीख. तुम्ही कुठे वाजवणार ते सांगा. आम्ही ऐकायला येतो. आणि मग या गिटारीला घेऊन माहेरपणाला या, निकितालाही आणा. गावाबिवाची चौकशी करणार नाही.”

“वाजवायला बोलावलं तर पाहिजे मला कोणी,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं झाली.”

“ते तुम्ही बघा,” मंदा म्हणाली. “आम्ही येणार.”

केदारने पेटी उचलून रिक्षापर्यंत नेली. बिघडलेल्या कुलपाला मी सुतळी बांधून दिली. रिक्षात बसल्यावर सुखदेवरावांनी खिसे चाचपले आणि एकदम ओशाळले. बत्ता त्यांच्या खिशात गेला होता. त्यांनी तो पुढे केला.

“राहू द्या,” मंदा म्हणाली. “तो तिच्याबरोबरच जाऊ दे.”

चौदा तारखेला आम्ही गेलो, आणि त्यांना बोलावलेलं होतं. तेव्हापासून आमच्या घरी वेलदोडे माझ्या हातोडीने कुटले जातात.